श्री. गेल्यावेळकर

समुद्रकिनाऱ्यावरच्या दिवसभराच्या भटकंतीला चाळीस माणसं आली, तर त्यांतली एकोणचाळीस समुद्र बघायला आलेली असतात. चाळिसावा तुलना करायला आलेला असतो. त्याचं आधार कार्डावरचं आडनाव काहीही असो, गटात तो श्री. गेल्यावेळकर असतो. त्याचं प्रत्येक वाक्य ‘गेल्या वेळी’ असं सुरू होतं आणि ‘आता काय राहिलंय?’ असं संपतं. मधल्या जागेत एखादा पक्षी, खेकडा किंवा माशाचं ताट असतं, आणि ते आपल्या समोरच्यापेक्षा दीडपट मोठं असतं.

गेल्यावेळकर बहुधा निवृत्त असतात, पण तशी अट नाही. पंचविशीतले गेल्यावेळकरही आढळतात. कुठेही दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला ही पदवी घेता येते. मुरलेला गेल्यावेळकर मात्र लांबून ओळखू येतो. डोक्यावर कुठल्यातरी पतपेढीच्या रौप्यमहोत्सवात मिळालेली टोपी, गळ्यात दुर्बीण, दुर्बिणीच्या भिंगांवर झाकणं. ही झाकणं तो सहसा काढत नाही. आजचं दृश्य दुर्बिणीतून बघण्याच्या लायकीचं असेल असं त्याला मुळात वाटतच नाही. पाठीवरच्या पिशवीत चिवडा, अमृतांजन, सुतळी आणि एक जादा छत्री. पुरावा मागितला तर तो तयार असतो, फक्त हाताशी नसतो. गेल्या वेळचे सगळे फोटो ‘जुन्या फोनमध्ये’ आहेत, आणि जुना फोन सध्या मेहुण्याच्या मुलाकडे आहे.

त्याचा संचार मोठा आहे. ठाण्याच्या खाडीत होडीतून फ्लेमिंगो बघायला गेलेल्या गटात तो असतो. या खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण गेल्यावेळकरांच्या लेखी फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग तेव्हापासून उतरतोच आहे. फ्लेमिंगोला रंग येतो तो खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीतून, आणि पिल्लं तर राखाडीच असतात, हे मार्गदर्शक समजावून सांगतो. “असेल,” गेल्यावेळकर म्हणतात, “पण गेल्या वेळी राखाडीसुद्धा जास्त गुलाबी होते.” हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला प्रवाळ आणि समुद्रफुलं दाखवायला ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले २०१७ पासून लोकांना नेतात. तिथे भर शहरात, डबक्यात हात घालण्याच्या अंतरावर ऑक्टोपस निघाला, की सगळे श्वास रोखून वाकतात. गेल्यावेळकर न वाकता म्हणतात, “हा लहान आहे.”

तरीही त्यांना खऱ्या अर्थाने बघायचं तर कोकणात, दापोली तालुक्यात बघावं. कर्दे ते आंजर्ले हा किनारा म्हणजे त्यांची कर्मभूमी.

भटकंती असते ती मार्चमधल्या एखाद्या रविवारी. बस शनिवारी रात्री ठाण्याहून सुटते आणि पहाटे कर्द्याला पोचते. समुद्र अजून काळा असतो. संयोजक डोकी मोजतो, पुन्हा मोजतो, एक कमी भरतं. तो एक म्हणजे स्वतः संयोजक, हे गेल्यावेळकर दाखवून देतात. गेल्या वेळीही असंच झालं होतं.

मग संयोजक दिवसाचा हिशेब मांडतो. “आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला पूर्ण भरती, आणि सकाळी साडेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. वाळू मोकळी आहे तोवर मुरुड मागे टाकायचं.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब. गटातला संगणकवाला मुलगा लगेच फोनवर भरती-ओहोटीचा तक्ता काढतो आणि किंचित हिरमुसतो, कारण फरक थोड्याच मिनिटांचा निघतो.

“गेल्या वेळी ओहोटी याच्यापेक्षा लांब गेली होती,” गेल्यावेळकर पहिलं वाक्य टाकतात.

यात तथ्य असू शकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचं पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, ते बेताचंच हलतं. तेव्हा गेल्या वेळी पौर्णिमा असेल तर गेल्यावेळकरांचं बरोबर. “तिथी कुठली होती काका?” संयोजक आदराने विचारतो. गेल्यावेळकर समुद्राकडे बघतात. तिथी, तारीख आणि साल यांच्याशी त्यांच्या आठवणीचं कधी जमलेलं नाही. त्यांची कालगणना वेगळी आहे: पूल व्हायच्या आधी, वादळाच्या आधी, आणि हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी.

ही कालगणना जिला सर्वांत जास्त झोंबते ती गटातली कॉलेजची मुलगी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि फोनवर ई-बर्डची यादी उघडून चालते. पक्षी कुठला, किती, किती वाजता, एवढंच तिला हवं असतं. ओल्या वाळूवर तुरुतुरु पळणारे चिखल्या दिसतात. उन्हाळा ते तिबेट-लडाखच्या पठारांवर काढतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर उतरतात. ती थांबते, मोजते, ‘२६’ असं नोंदवते.

“गेल्या वेळी दोन-तीनशे होते,” मागून आवाज येतो.

“कधी?”

“पूल नव्हता तेव्हा.”

यादीत ‘पूल नव्हता तेव्हा’ असा रकाना नाही. ती पुढे निघते.

वाळूवर आता बारीक गोळ्यांची नक्षी दिसायला लागते. इवलासा खेकडा बिळातून बाहेर येतो, तोंडाने वाळू चाळून तिच्यातला खाण्याजोगा अंश घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एका ओहोटीत बिळाभोवती शेकडो गोळ्या पडतात आणि भरती आली की सगळं पुसून जातं. लोक गुडघ्यांवर बसून फोटो काढतात. गेल्यावेळकर उभेच. “या तर मोहरीएवढ्या आहेत. गेल्या वेळी गोळ्या बोराएवढ्या होत्या.” गटात एक सहा-सात वर्षांचा मुलगा असतो. त्याला मोठ्यांच्या संभाषणाचे नियम माहीत नाहीत. तो विचारतो, “मग आजोबा, खेकड्याचं तोंड केवढं होतं?” गेल्यावेळकर चिवड्याची पिशवी सोडतात आणि त्याला मूठभर देतात.

पाण्यात डॉल्फिन दिसतात, म्हणजे ज्यांना दिसतात त्यांना दिसतात. इथे किनाऱ्याजवळ वावरतात ते पाठीवर छोटं कुबड असलेले डॉल्फिन, आणि त्यांना अर्धवट वर येऊन लगेच खाली जायची सवय. मोठ्या लेन्सवाले गृहस्थ पाऊण तास एका जागी उभे राहतात आणि घरी नेतात ते समुद्राच्या पृष्ठभागाचे बावन्न फोटो. डॉल्फिन वर येतो तेव्हा गेल्यावेळकर समुद्राकडे पाठ करून गेल्या वेळचे डॉल्फिन सांगत असतात. दोन्ही हातांनी कमान करून ते उडी दाखवतात. त्यांच्या मागे खरा डॉल्फिन अर्धा वर येऊन जातो.

मुरुडला पोहे आणि चहा. पोह्यांवर खोबरं गेल्या वेळी जास्त होतं. हे गाव महर्षी कर्व्यांचं. दुर्गादेवीच्या देवळाच्या सावलीत बसून संयोजक ती सुप्रसिद्ध गोष्ट सांगतो. धोंडो केशव हा पोरगा परीक्षेला बसायला इथून साताऱ्यापर्यंत, शंभरावर मैल, पायी गेला, आणि तिथे साहेबांनी ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्याला बसूच दिलं नाही. पुढे १९१६ साली याच माणसाने महिला विद्यापीठ काढलं आणि १९५८ मध्ये, शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. बुटात वाळू गेल्याची तक्रार करणारे चार-पाच जण मुकाट्याने बूट घालतात. गेल्यावेळकरांना मात्र ही गोष्ट अडचणीची जाते. ही एकच गेली वेळ त्यांच्या गेल्या वेळेपेक्षा मोठी आहे. “तेव्हा रस्ते मोकळे होते,” एवढं बोलून ते उठतात.

पाळंद्याच्या बाजूला खडक आडवे येतात तिथे वर रस्त्यावर चढायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. हळूहळू समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसायला लागतो आणि त्याच्या समोर जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे त्याचे तीन पाठीराखे. १७५५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांशी संगनमत करून हा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच माणसांनी परक्याची मदत घेऊन आपलंच आरमार बुडवलं, यावर गटात दरवर्षी होणारा वाद होतो. पुण्याचे पाहुणे पेशव्यांची बाजू घेतात, अलिबागच्या बाई आंग्र्यांची. या वादात गेल्यावेळकर कुठल्याच बाजूला नसतात. ते म्हणतात, “गेल्या वेळी मी आत जाऊन आलोय. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय, शेजारी भिंतीत मारुती आहे.” मुलगी फोनवर शोधते. कासव आहे. मारुतीही आहे. दगडाच्या कासवात दीडपट वाढायला वाव नव्हता, म्हणून ही माहिती तंतोतंत निघाली, असं तिचं मत.

हर्णै बंदरावर दुपारची सुस्ती असते. इथला प्रसिद्ध लिलाव खरा रंगतो तो संध्याकाळी होड्या लागल्यावर. बैलगाड्या पाण्यात शिरतात, टोपल्या उतरतात, आणि नवख्याला कळायच्या आत सौदा तुटतो. आत्ता मात्र जाळी शिवणं, बर्फ फोडणं आणि सुकत घातलेल्या मासळीवर लक्ष ठेवणं चाललेलं. कुरव पक्ष्यांचे थवे होड्यांवर बसून आहेत. यांतले काही थेट सायबेरियाच्या उत्तरेकडून आलेले, आणि एवढा प्रवास करून ते इथे बघतात काय, तर बोंबील. मुलगी मोजायला सुरुवात करते, थवा उडतो. ती पुन्हा सुरुवात करते.

गेल्यावेळकर तोवर एका मावशींसमोर उभे. “गेल्या वेळी शंभर रुपयांना एवढी कोळंबी दिली होतीत.” ‘एवढी’ दाखवायला त्यांना दोन्ही हात लागतात. मावशी कोयती न थांबवता म्हणतात, “मग गेल्या वेळीच घ्यायची होतीत दोन टोपल्या.” गेल्यावेळकरांना असं उत्तर महाराष्ट्राच्या सातशे वीस किलोमीटर किनाऱ्यावर दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. ते गप्प बसून आजच्या भावाने कोळंबी घेतात.

त्यांच्या शेजारून चालणारे एक गृहस्थ असतात, त्यांचाही उल्लेख इथेच उरकायला हवा. ते श्री. पुढच्यावेळकर. पुढच्या वेळी आपण कयाक आणू, पुढच्या वेळी इथे तंबू ठोकू, पुढच्या वेळी हरिहरेश्वरपासून सुरुवात करू. दोघांचं छान जमतं. कारण आजच्या दिवसात दोघांनाही रस नाही.

पाजपंढरी ओलांडली की जोग नदीची खाडी. आता पूल आहे. पूर्वी होडीतून पलीकडे जावं लागायचं. पुलावर गेल्यावेळकर बरोबर मध्ये थांबतात, कारण त्यांच्या इतिहासाची सनावळी इथूनच सुरू होते. कठड्याखाली तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या उड्या मारतात. मासा असून त्या पाण्याबाहेर टिकतात, कारण कातडी ओली असेपर्यंत त्यांना कातडीतूनही श्वास घेता येतो. आणि पलीकडच्या उंच झाडावर, सगळ्यांच्या आधी, दुर्बिणीची झाकणं न काढता, गेल्यावेळकरांना तो दिसतो.

“सागरी गरुड!”

पांढरं डोकं, पांढरं पोट, राखाडी पंख. समुद्रसापाला उचलून नेणारा. मुलीच्या आयुष्यातला पहिला. तिचा हात थरथरतो. ‘१’ नोंदवता नोंदवता ती आपसूक म्हणते, “काका, थँक्यू.”

“गेल्या वेळी दोन होते.”

ती चिडायला तोंड उघडते आणि मिटते. सागरी गरुडांची जोडी वर्षानुवर्षं टिकते, आणि घरटंही ती शक्यतो जुनंच डागडुजी करून वापरते, हे ती याच सत्रात शिकलीय. गेल्या वेळी दोन असणारच होते.

आंजर्ल्याला जेवण एका घरी, वाडीत. उकडीचे मोदक, सोलकढी, आणि ज्यांना चालते त्यांना मघाची कोळंबी. वाडीत ऊन भरपूर आहे. नारळ-पोफळी आहेत, पण त्यांच्या मधून आकाश दिसतं. गेल्यावेळकर हात धुवून येतात आणि पायरीवर उभे राहून म्हणतात, “गेल्या वेळी इथे ऊन नव्हतं.”

संगणकवाला मुलगा हसतो. घरच्या आजी हसत नाहीत.

“नव्हतंच,” आजी म्हणतात. “विहिरीपासून त्या गडग्यापर्यंत पोफळी. भर दुपारी आत काळोख असायचा.”

“विहिरीला लागून तीन माड. मधला वाकडा,” गेल्यावेळकर.

“वाकडाच तेवढा वाचला.” आजी बोटाने दाखवतात. वाकडा माड तिथे आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास जमिनीवर आलं आणि या पट्ट्यात त्याने एका दुपारी पिढ्यांच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, माडालाही तितकीच. आज जे उभं आहे त्यातलं बरंचसं त्यानंतर लावलेलं. गटातले निम्मे लोक इथे पहिल्यांदाच आलेले. त्यांना ही वाडी छान मोकळी, उजेडाची वाटत होती. दोघांनी फोटोंखाली तसं लिहूनही टाकलं होतं.

मुलगी वही काढते. फोन नाही, वही. “काका, पोफळींच्या ओळी किती होत्या? पक्षी कुठले असायचे?” गेल्यावेळकर सांगतात, आजी दुरुस्त करतात, ती लिहून घेते. ओळी किती, आडोसा कुठला, धनेश कुठल्या झाडावर येऊन बसायचा. दहा मिनिटं गेल्यावेळकर एकही गोष्ट वाढवून सांगत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची गेली वेळ टिपून घेत असतं, आणि त्या जबाबदारीने त्यांचा आवाजही जरा उतरलेला असतो. मग त्यांना हे झेपेनासं होतं.

“आणि नारळ,” ते म्हणतात, “कलिंगडाएवढे.”

“ते काही खरं नाही हो,” आजी म्हणतात आणि सोलकढी वाढायला वळतात.

दुपारी कड्यावरचा गणपती. उजव्या सोंडेचा. मूळचं देऊळ समुद्राने गिळलं तेव्हा देव स्वतः पाऊल टाकून वर कड्यावर आला, अशी आख्यायिका. देवाचीही गेली वेळ खालीच राहिली, हे ऐकून गेल्यावेळकर मनापासून हात जोडतात.

संध्याकाळी किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडायची असतात. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायचं हे काम कोकणात सुरू झालं ते २००२ साली, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने. तोवर अंडी माणसं तरी न्यायची, नाहीतर कुत्री-कोल्हे उकरायचे. आता गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा चालतात, मादीचे माग ओळखतात, अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरतात आणि पन्नासेक दिवस वाट बघतात. जानेवारी २०२२ मध्ये याच आंजर्ल्याच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं होतं, तिचं नाव सावनी. आणि ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी राहतात, या समजाला तिने तडा दिला.

“मी हे गेल्या वेळीच म्हटलं होतं,” गेल्यावेळकर.

दोरी बांधलेली असते. दोरीच्या अलीकडे चाळीस माणसं बिनआवाजाची. कासवमित्र टोपली आडवी करतो.

“गेल्या वेळी एका घरट्यातून चारशे निघाली होती,” गेल्यावेळकर कुजबुजतात.

“काका, एका घरट्यात अंडीच शंभराच्या आसपास असतात,” कासवमित्र नम्रपणे सांगतो.

“शेजारीशेजारी चार घरटी होती.”

आज पिल्लं निघतात अकरा. अकरा इवली काळी पिल्लं ओल्या वाळूवरून वल्ही मारत निघतात, लाट येते, आठ घेऊन जाते, तीन परत फेकते. ती तिन्ही पुन्हा निघतात. मुलगी नोंदवते. आणि कुणालाही न दिसेल अशा बेताने गेल्यावेळकर दुर्बिणीची झाकणं काढतात. सहा फुटांवरच्या कासवासाठी दुर्बीण लागत नाही, उलट धूसर दिसतं. पण ते ती डोळ्यांना लावून शेवटचं पिल्लू जाईपर्यंत उभे राहतात. तेवढा वेळ त्यांना गेली वेळ आठवत नाही. झाकणांपैकी एक वाळूत हरवतं.

बस सुटते. दापोलीला चहा होतो तेव्हा पिल्लं ‘पंधरा-वीस’ झालेली असतात. मंडणगडला मोठ्या लेन्सवाले गृहस्थ फोनवर घरी सांगतात, “चाळीस तरी असतील,” आणि त्यांच्या डॉल्फिननेही एव्हाना उडी मारलेली असते. आंग्र्यांच्या बाजूच्या बाई आणि पेशव्यांच्या बाजूचे पाहुणे, दोघांचं पन्नासावर एकमत होतं. माणगावला बस थांबते. मुलीला तिच्या मैत्रिणीचा फोन येतो. ई-बर्डच्या यादीत कासवांना जागा नाही, वही पिशवीच्या तळाशी आहे, आणि दिवसभर उन्हात चालून तिचा घसा कोरडा पडलाय.

“अगं, किती म्हणजे... साठ तरी असतील,” ती म्हणते.

मागच्या सीटवरून, डोळे मिटलेले असतानाच, श्री. गेल्यावेळकर दुरुस्ती करतात. “बासष्ट. दोन उशिरा निघाली.”

ती वळून बघते. एक क्षण विचार करते. “हो हो, बासष्ट,” ती फोनमध्ये सांगते.